‘काय न्हाई केलं, आपोआप जळलं’

सांगलीच्या मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं दुरुस्तीचं दुकान होतं. शटर वर करून मी काउंटरमागे बसलेली असायचे, हातात सोल्डरिंग आयर्न, समोर उघडलेला बोर्ड, आणि येणारं गिऱ्हाईक माझ्या डोक्यावरून आत बघत विचारायचं, ‘‘मिस्तरी कुठं गेल्यात?’’ सुरुवातीला मी ‘मीच मिस्तरी’ असं सांगायचे. मग समोरचा जरा थांबून, ‘‘न्हाई, मोठं मिस्तरी,’’ म्हणायचा. पुढं पुढं मी कंटाळून ‘चहाला गेलेत, वस्तू ठेवून जा’ असं सांगायला लागले. संध्याकाळी वस्तू चालू होऊन हातात पडली की तोच माणूस मोठ्या मिस्तरींना नमस्कार सांगून जायचा. असे पुष्कळ नमस्कार मी परस्पर ठेवून घेतले आहेत.

त्या दुकानात आधी सासरे मोटरी भरायचे. मोटर भरणं म्हणजे जळालेल्या मोटरीतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळणं. मी लग्नाआधी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकले होते. लग्नानंतर महिन्याभरात सासऱ्यांनी माझ्यापुढं पाच हॉर्सपॉवरची मोटर ठेवली आणि म्हणाले, ‘‘सर्टिफिकेट भिंतीला लाव आन् हात हिकडं आण.’’ पुढची दहा-बारा वर्षं मी विहिरीवरच्या मोटरी भरल्या, स्टार्टर दुरुस्त केले, शेतात जाऊन जोडण्या करून दिल्या. मग हळूहळू मिक्सरचे, इन्व्हर्टरचे, वजनकाट्यांचे बोर्ड यायला लागले. आणि दुकान बंद करायच्या आधीच्या सात-आठ वर्षांत एक नवाच प्रकार आला. त्याबद्दल लिहायचं ठरवलं आहे, कारण त्या प्रकारात मी माझ्या धंद्यातली सगळ्यात मोठी चूक केली आणि ती सोल्डरिंगची नव्हती.

गिऱ्हाइकाचं दुसरं ठरलेलं वाक्य असायचं, ‘‘वैनी, काय न्हाई केलं बगा, आपोआप जळलं.’’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की शेवटी शेवटी माणसानं तोंड उघडायच्या आत मीच म्हणायचे, ‘‘काही केलं नाही ना? आपोआप जळलं ना? ठेवा.’’ मी त्यावर कधी विश्वास ठेवला नाही. वायर आपोआप जळत नाही. मला वासावरून कळायचं. मोटरीच्या वार्निशचा वास वेगळा, वायरीवरच्या प्लॅस्टिकचा वेगळा, आणि बोर्डावरचा काळा आयसी, ज्याला आमच्या घरात किडा म्हणतात, तो फुटला की सडक्या मासळीसारखा आणखी वेगळा. सर्दी झाली की माझं निदान चुकायचं, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

तर हा नवा प्रकार म्हणजे सर्व्हो मोटर. ही मोटरच, पण विहिरीवरच्या मोटरीसारखी गरागरा फिरत सुटणारी नव्हे. तिला सांगायचं, एवढी वळ. ती तेवढीच वळते आणि तिथंच थांबून राहते. काडेपेटीएवढी असते, मोठी असली तर साबणाच्या वडीएवढी. तिच्या पोटातून तीन वायरी येतात. तांबडीतून वीज आत जाते, तपकिरीतून परत येते आणि नारिंगीतून नुसती आज्ञा जाते, किती वळायचं याची. आज्ञा देणारा बोर्ड म्हणजे कंट्रोलर. एवढं लक्षात राहिलं तर पुढं कुठं अडायला होणार नाही. कॉलेजच्या प्रोजेक्टांपुरता असलेला हा प्रकार मोबाईलवरचे व्हिडिओ बघून शेतात, देवळात, मंडळांत शिरला. व्हिडिओत सगळं पाच मिनिटांत जमतं. धूर निघालेला भाग कापलेला असतो.

एकदा एका गणेश मंडळाचे चार कार्यकर्ते चादरीत गुंडाळून काहीतरी उचलून घेऊन आले. मला वाटलं, कुणाला चक्कर आली. चादर काढली तर कमरेएवढा उंदीर. आरती सुरू झाली की त्यानं मान डोलवायची होती. त्याच्या दोन्ही कानांभोवती काजळी धरली होती.

‘‘काही केलं नाही ना?’’ मी विचारलं.

‘‘काय सुदिक न्हाई, वैनी.’’

मी उंदराचं पोट उघडलं. आत फवारणीच्या पंपाची बॅटरी, बारा व्होल्टची, थेट सर्व्होला जोडलेली. तिला लागतात पाच-सहा. मी बॅटरी काढून त्यांच्यापुढं ठेवली. त्यांच्यातला एक जण शेवटी म्हणाला, ‘‘मान लय हळू हलवत हुता, वैनी. म्हटलं जरा ताकद द्यावी.’’ धूर निघाल्यावर लोक घाबरले असतील, म्हणून मी काळजीनं चौकशी केली. ‘‘छ्या! टाळ्या वाजवल्या की. देखाव्यातलाच धूर वाटला.’’ पुढचे तीन दिवस तो उंदीर माझ्या दुकानात बसून होता आणि येणारा प्रत्येक जण त्याला हात जोडत होता. मोठे मिस्तरी कुठं आहेत हे त्या तीन दिवसांत कुणीच विचारलं नाही.

दुसरे कवठे महांकाळकडचे बाळगोंडाअण्णा. द्राक्षाची बाग आणि बेदाण्याचं शेड. शेडच्या झडपा हवेप्रमाणं आपोआप उघडाव्यात म्हणून त्यांनी सर्व्हो आणल्या होत्या. मोटरी चांगल्या, कंट्रोलर चांगला, आणि मधली वीस फूट वायर घराच्या बेलची उरलेली. झडप कुठं अडकली की सर्व्हो जोर लावते, जोर लावला की वीज कितीतरी पट जास्त ओढते. बेलच्या वायरीला ते कुठलं झेपायला. वरचं प्लॅस्टिक गळून वायरी एकमेकींना चिकटल्या होत्या.

‘‘वायर ती वायर, वैनी. करंट जातोय की त्यातनं.’’

‘‘अण्णा, उसाला पाटानं द्यायचं पाणी तुम्ही ठिबकच्या नळीतनं सोडाल का?’’

अण्णांनी ती वितळलेली वायर हातात घेऊन निरखली. मग म्हणाले, ‘‘आत्ता कळालं. एवढंच सांगायचं हुतं.’’ जाड वायर घालून सगळं बसवून देईपर्यंत ऊन कलायला लागलं आणि ते पुन्हा पुन्हा बाहेर बघायला लागले. ते जैन, सूर्य मावळायच्या आत जेवणारे, आणि गाव दोन तासांवर. मी घरातून कांदा न घातलेली आमटी आणि भाकरी आणून काउंटरवरच वाढली. तेव्हापासून ते घरच्यासारखे झाले.

आता हणमंतरावांकडे येते. खरं तर त्यांच्यासाठीच लिहायला बसले आणि उंदरात रमले.

हणमंतराव पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका गावचे. फौजेत गाड्यांचे मेकॅनिक होते, हवालदार होऊन घरी आले आणि गावातल्या विहिरींवरच्या मोटरी जोडून द्यायला लागले. बायको वारलेली, मुलगा फौजेतच, लेक सांगलीत दिलेली. लेकीकडं आले असताना माझं नाव ऐकून ते दुकानात आले आणि, हे मुद्दाम सांगते, सरळ माझ्याकडं बघून म्हणाले, ‘‘तुमीच मिस्तरी न्हवं?’’ मग पिशवीतून त्यांनी एक लांबडी वस्तू काढली. टीव्हीच्या जुन्या अँटिनाची नळी, मधोमध सांधा, आणि टोकाला तारेनं बांधलेला चमचा.

‘‘ह्याला हालता करायचा हाय.’’

‘‘कशासाठी?’’

‘‘घास भरवायला. आक्काला.’’

सगुणाआक्का त्यांची मोठी बहीण. आई लवकर गेली, हणमंतरावांना तिनंच वाढवलं. विधवा होऊन ती भावाकडं परत आली आणि काही वर्षांनी कसल्याशा नसांच्या दुखण्यानं तिचे दोन्ही हात खांद्यापासून लुळे पडले. पाय चांगले, बोलणं चांगलं, फक्त हात गेलेले. घरात दोघंच. हणमंतराव स्वयंपाक करायचे आणि आधी तिला भरवून मग आपण जेवायला बसायचे.

‘‘चार घासात बास म्हणती,’’ ते म्हणाले. ‘‘भूक न्हाई म्हणून न्हवं, वैनी. माझं ताट निवतंय म्हणून. किती सांगितलं, मी नंतर गरम करून खातो, तर आयकत न्हाई. डागदर म्हणत्यात, दुखण्यानं न्हाई, न खाण्यानं खंगत चाललीया. तिच्या हातानं तिला जेवता आलं तर जेवंल ती पोटभर. हात हाय त्यो आसा,’’ असं म्हणून त्यांनी नळीवर बोट ठेवलं.

मला ते काम फार आवडलं. उंदराची मान डोलवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. दोन सर्व्हो लावल्या: एक चमचा वाटीत बुडवून भरून घेणारी, दुसरी तो तोंडापर्यंत नेणारी. चालू करायला पायानं दाबायचं बटण. सर्व्होच्या वायरी आखूड पडत होत्या, म्हणून मी त्यांचे प्लग कापून टाकले आणि स्क्रूची कनेक्टर पट्टी दिली, म्हणजे घरी लांब वायर घालून त्यांना हवं तिथं जोडता येईल. कागदावर खडूंनी रंगवून चित्र काढलं, कुठली वायर कुठं. दुकानात बसून मी स्वतः त्या चमच्यानं चार शेंगदाणे खाल्ले. हणमंतरावांनी मला कडक सॅल्यूट ठोकला आणि वस्तू छातीशी धरून बसस्टँडला गेले.

आठवड्याभरात परत आले. तांबडी आणि तपकिरी वायर पार एकमेकींत वितळलेली.

‘‘वैनी, काय न्हाई केलं. आपोआप जळलं.’’

माझ्या मनात आलं, हेही त्यातलेच. वायरी उलट्या जोडल्याशिवाय असं जळत नाही. मी तसं सांगितलं. त्यांनी खिशातून माझा कागद काढला, घडीवर फाटायला आला होता. ‘‘चित्राबरहुकूम जोडल्या हुत्या. शपथेवर सांगतो.’’ मी नवी सर्व्हो घालून दिली, चित्र नवं काढलं, रंग आणखी गडद केले. पंधरा दिवसांनी पुन्हा आले. या वेळी वायरी ठीक होत्या पण कंट्रोलर गेला होता, म्हणजे नारिंगीच्या जागी तांबडी लागली होती. पुन्हा तेच वाक्य. पुन्हा मी बदलून दिलं, थोडं तिरसटपणानं.

तिसऱ्यांदा आले तेव्हा दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. हणमंतरावांनी रुमालात बांधलेला बोर्ड काउंटरवर ठेवला आणि तोंड उघडायच्या आत मी बोलले. काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. ‘‘हणमंतराव, लहान मुलाला कळेल असं चित्र काढून दिलंय. फौजेत गाड्या अशाच दुरुस्त करत होता काय? जमत नसेल तर सोडा हा नाद, आणि निदान केलं ते केलं म्हणा.’’ गिऱ्हाइकं हसली. हणमंतरावांनी रुमालाची गाठ पुन्हा बांधली. ‘‘बरं, वैनी,’’ म्हणाले आणि गेले.

दुपारपर्यंत मला माझंच बरोबर वाटत होतं. दुपारी जेवायला बसले आणि घास फिरायला लागला. त्यांचा फोन नंबर वहीत होता. आज करू, उद्या करू असं करत मी अडीच महिने घालवले. मिस्तरी माणसाचा ताठा फार वाईट असतो, आणि बाई मिस्तरीचा त्याहून दुप्पट, कारण तो मिळवायला दुप्पट दिवस लागलेले असतात.

मग एक दिवस बाळगोंडाअण्णांचा फोन आला. त्यांची विहिरीवरची मोटर भरून आली होती आणि जोडायला त्यांना मीच हवी होते. जुन्या ओळखीचं काम, मी गेले. जोडणी केली, स्टार्टर दाबला. पाणी आलं नाही, नुसता घुरघुर आवाज. मी स्टार्टर बंद केला, मेन स्विच ओढला, स्क्रू सैल करून वायरी लावल्या, पुन्हा चालू केला. पाणी धो धो आलं.

शेजारी उभे असलेले अण्णा म्हणाले, ‘‘काय केलासा, वैनी?’’

‘‘काही नाही,’’ मी म्हणाले.

आणि तिथंच, त्या पाण्याच्या आवाजात, मला माझंच उत्तर खटकलं.

कारण मी केलं होतं. मोटर उलटी फिरत होती आणि मी तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल केली होती. ज्यांची शेती नाही त्यांच्यासाठी सांगते. विहिरीवरच्या थ्री फेज मोटरीलाही तीन वायरी असतात, आणि मोटर उलटी फिरली तर त्यातल्या कुठल्याही दोन वायरींच्या जागा बदलायच्या, ती सुलटी फिरते. हे आमच्या भागात शाळा न शिकलेल्या माणसालाही येतं. उलटी फिरणं हा कुणी बिघाड समजत नाही, त्याची तक्रार घेऊन कुणी मिस्तरीकडं येत नाही. हात आपला आपण जातो, दोन वायरी बदलतो, आणि विचारलं तर माणूस खऱ्या मनानं सांगतो की काही केलं नाही.

पण विहिरीच्या मोटरीच्या तीन वायरी म्हणजे सख्ख्या बहिणी. कुणीही कुठंही बसली तरी चालतं. सर्व्होच्या तीन वायरी म्हणजे सासू, सून आणि नणंद. एकीच्या जागी दुसरी बसवली की घर पेटतं.

आणि बदलता येतील अशी स्क्रूची पट्टी त्यांना दिली कुणी? मी. प्लग तसाच ठेवला असता तर त्यांना वायरी सुट्या करताच आल्या नसत्या. पंपाच्या धंद्यात वाढलेला माझा हात आपोआप पट्टीकडं गेला होता. कागदावर सगळे रंग काढले, पण उलटी फिरली तर काय करायचं नाही, हे लिहिलं नाही. मी ज्या धंद्यातून आले त्याच धंद्यातला माणूस समोर होता आणि मला ते सुचलं नाही.

अण्णा जेवायला थांबा म्हणत होते. मी तिथूनच बांधावर उभी राहून हणमंतरावांना फोन लावला.

‘‘मी उद्या तुमच्याकडं येते.’’

पलीकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, ‘‘कशाला वो, वैनी?’’

‘‘जेवायला,’’ मी म्हणाले.

नवा बोर्ड, दोन सर्व्हो आणि लॅपटॉप घेऊन मी सकाळच्या गाडीनं कऱ्हाडला, तिथून पाटणला आणि पुढं वडापच्या, माणसं कोंबून नेणाऱ्या जीपमधून त्यांच्या गावात पोचले तेव्हा साडेअकरा वाजले होते. हणमंतराव फाट्यावर न्यायला आले होते. राग दिसत नव्हता, पण नेहमीची सलामीही नव्हती. वाटेत मी विचारलं, आक्का कशा आहेत. ‘‘हाय,’’ एवढंच म्हणाले.

सगुणाआक्का मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. दोन्ही हात कुणीतरी आणून ठेवल्यासारखे मांडीवर. चोळीच्या बाह्या दंडावर सैल झाल्या होत्या. मी त्या बाह्यांकडं बघितलं आणि अडीच महिने म्हणजे किती जेवणं होतात, याचा हिशेब मनात सुरू झाला तो थांबेना.

‘‘तुमीच का मिस्तरीणबाई?’’ त्या म्हणाल्या. ‘‘ह्या फौजीला लय फैलावर घेतलासा म्हणं. बरं केलासा. लय दिवसात कुणी घेतलं नव्हतं.’’

मी पिशवी उघडली. सामान काढून हणमंतरावांपुढं ठेवलं. ‘‘तुम्ही तेव्हा जसं जोडलं होतं तसं आता जोडा. मी हात लावणार नाही, बोलणारही नाही.’’

त्यांनी चष्मा लावला. घडी उलगडून माझं चित्र जमिनीवर पसरलं, चार कोपऱ्यांवर चार बटाटे ठेवले. तांबडी जिथं तांबडी, तपकिरी जिथं तपकिरी, नारिंगी जिथं नारिंगी. एकही चूक नाही. जोडणी माझ्यापेक्षा सुबक. नळीचा हात त्यांनी आक्कांच्या उजव्या बाजूला फळीवर बसवला होता, कारण डाव्या बाजूला भिंत होती. मी तो डावीकडं धरून सगळं ठरवलं होतं. बाजू बदलली की मोटर उलटी बसते, आणि उलटी बसली की उलटीकडं वळते.

हणमंतरावांनी बटण दाबलं. चमचा वाटीतून वर आला आणि आक्कांच्या तोंडाकडं जायच्या ऐवजी ऐटीत दाराकडं गेला.

‘‘उलटी फिरली,’’ ते स्वतःशीच पुटपुटले. बटण बंद केलं, स्क्रूड्रायव्हर उचलला, पट्टीवरचे दोन स्क्रू सैल केले. मी त्यांचं मनगट धरलं.

‘‘काय करताय, हणमंतराव?’’

‘‘कुठं काय? काय न्हाई.’’

मी मनगट सोडलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग स्वतःच्या हाताकडं. चिमटीत तांबडी वायर होती. ती आपल्या हातात कशी आली हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. चष्म्यामागचे डोळे हळूहळू मोठे झाले.

‘‘आयला,’’ ते म्हणाले. ‘‘हिरीवरची सवय.’’

‘‘माझीपण तीच आहे,’’ मी म्हणाले, आणि अण्णांच्या विहिरीवर काय झालं ते सांगितलं. ‘‘तुम्ही एकदाही खोटं बोलला नव्हता. चूक माझी होती. चार लोकांत बोलायला नको होतं. मला माफ करा.’’

‘‘जाऊ द्या, वैनी. फौजेत ह्याच्यापरास लय ऐकलंय,’’ ते म्हणाले. पण चष्मा काढून पुसायला लागले आणि बराच वेळ पुसत राहिले. भिंतीकडून आक्का म्हणाल्या, ‘‘तरी मी म्हणत हुती, ह्यो खोटं बोलत न्हाई. लहानपणी बोलला आसता तर माज्या हातचा मार तरी चुकला आसता.’’

उपाय दोन मिनिटांचा होता. सर्व्होला उलटीकडून सुलटीकडं आणायचं तर वायरीला हात लावायचा नाही, आज्ञा बदलायची. लॅपटॉप जोडून मी दोन आकडे बदलले. मग बसून पट्टी काढून टाकली आणि सगळ्या वायरी सोल्डर करून सांध्यांवर प्लॅस्टिकची नळी चढवली, म्हणजे आता कुणाच्या सवयीला जागाच उरली नाही, त्यांच्याही आणि माझ्याही. येणाऱ्या वायरीत एक छोटा फ्यूजही घातला. खरं तर तो पहिल्याच दिवशी घालायला हवा होता.

हणमंतरावांनी भात आणि घेवड्याची आमटी केली होती. वाटीत कालवून ठेवली. आक्कांनी पायानं बटण दाबलं. घुर्र करून चमचा आला तो हनुवटीवर. त्या म्हणाल्या, ‘‘जरा वर, बाय. अजून दाढी न्हाई आली मला.’’ मी आकडा बदलला. दुसरा चमचा नाकाला. तिसरा बरोबर ओठांशी येऊन थांबला. त्यांनी तोंड उघडलं, घास घेतला, आणि चावत चावत डोळे मिटले. आम्ही दोघंही त्यांच्या तोंडाकडं बघत उभे होतो.

त्यांनी डोळे उघडले. ‘‘आता काय तमाशा बघताय?’’ त्या म्हणाल्या. ‘‘जावा भाईर. दार लोटून घ्या. कितीतरी वरसं झाली, मला एकटीला जेवाय मिळालं न्हाई.’’

आम्ही बाहेर आलो. हणमंतरावांनी दार लोटलं. मला पाट दिला, दोघांची ताटं वाढून घेतली. भातातून वाफ येत होती. त्यांनी पहिला घास घेतला आणि तोंड भाजल्यासारखं थांबले. गरम जेवायची सवयच राहिली नव्हती त्यांना. आतून मोटरीचा आवाज येत होता. घुर्र, मग थोडा वेळ शांत. पुन्हा घुर्र. हणमंतरावांचं लक्ष ताटात नव्हतं, ते मोजत होते, हे त्यांच्या ओठांवरून मला कळत होतं. चार झाले. पाच झाले. नऊ झाले. मग मी मोजायचं सोडून दिलं, त्यांनी सोडलं नाही.

एकदम आवाज थांबला. बराच वेळ काहीच नाही. हणमंतरावांचा हात ताटावर तसाच राहिला. पुन्हा जळलं की काय, म्हणून मी नाक वर करून वास घेतला. वास फक्त आमटीचा होता.

‘‘हणमंता,’’ आतून आक्कांची हाक आली. ‘‘भात हाय का रं अजून?’’

हणमंतराव उष्ट्या हातानंच उठले, चुलीवरचं पातेलं तसंच उचललं आणि आत गेले.